स्पीडोमीटरची फेरजुळवणी (मोठे टायर बसवल्यानंतर)

मूळ मापापेक्षा मोठे टायर घातल्यावर वेगाचा काटा, किलोमीटरची नोंद आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर पडण्याच्या वेळा नव्या घेराशी पुन्हा जुळवून घेण्याचे काम. फिटरच्या तोंडी याला नुसते ‘मीटर सेट करणे’ म्हणतात. पण त्यात मीटरइतकाच गाडीच्या ओढीचाही प्रश्न असतो.

बेळगाव सीमाभागात मोठ्या टायरची हौस निव्वळ दिखाऊ नाही. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, खानापूरच्या जंगलवाटा, चिक्कोडी-निपाणीकडे उसाच्या फडात उतरणारे चाकोरीचे रस्ते, यांत गाडीचे पोट घासते. मात्र मोठे टायर घालणाऱ्यांपैकी बरेच जण मीटरकडे वळूनही बघत नाहीत, आणि हे सोडून देण्यासारखे नाही.

मीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतो. चाकाचे किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे ठरलेल्या घेराने गुणून तो वेग दाखवतो. घेर बदलला तरी त्याचे गणित जुनेच राहते. बोलेरोचे २१५/७५ आर १५ हे माप घ्या. रुंदी २१५ मि.मी., बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १५ इंच म्हणजे ३८१ मि.मी.; एकूण व्यास ७०३.५ मि.मी. त्याजागी २३५/७५ आर १५ घातले की व्यास ७३३.५ होतो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी जास्त. काटा ८० वर असताना गाडी ८३ च्या वर पळत असते. हजार किलोमीटर तोडले तर मीटरवर ९५९ पडतात. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्याचे तेवढे पैसे बुडतात आणि ॲव्हरेज आहे त्यापेक्षा कमी दिसते. गाडी पंपावर नेऊन ‘डिझेल खाते’ अशी तक्रार करण्याआधी हा हिशेब करावा. एवढे करून पोट वर उचलले जाते ते व्यासवाढीच्या निम्मे, १५ मि.मी.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त दाखवायची मुभा खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतकी. म्हणून कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. मोठा टायर ही राखीव जागा खाऊन टाकतो. ‘आता मीटर बरोबर दाखवतो’ असे कौतुकाने सांगणाऱ्याने पुढचे मोठे माप घालताना हे ध्यानात ठेवावे.

माप टायरवरच्या आकड्यांवरून काढता येते, पण जमिनीवर मोजलेले जास्त खरे, कारण गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो. हवा नेमकी भरावी, सपाट जागी टायरवर आणि जमिनीवर समोरासमोर खडूची रेघ मारावी, गाडी ढकलत चाकाचे दहा फेरे पूर्ण करावेत आणि दोन रेघांमधले अंतर टेपने मोजून दहाने भागावे. जुन्या टायरचेही असेच मोजले की खरे गुणोत्तर हाती येते. पडताळा घ्यायला राष्ट्रीय महामार्ग ४८ वरचे किलोमीटरचे दगड पुरतात : वरच्या उदाहरणात दहा दगड मागे पडले तरी ट्रिपमीटर ९.६ च दाखवेल.

जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरमधले चुंबक फिरवते आणि चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढून काटा हलवते. तिथे केबलच्या टोकाचा छोटा गिअर कमी दात्यांचा घातला की केबल जास्त फिरते आणि काम होते. सेन्सरवाल्या गाड्यांत स्कॅनर लावून संगणकात टायरचे नवे माप भरतात. ती सोय नसेल तर सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये सेन्सरकडून येणारे विजेचे स्पंद गुणून देणारी छोटी डबी जोडतात. ज्या मोटारसायकलींची केबल पुढच्या चाकातून येते, तिथे मागचा टायर जाडा केल्याने काट्याला काही होत नाही.

गिअरचे काम याहून नाजूक. ऑटोमॅटिकमध्ये ॲक्सिलरेटर किती दाबला आणि बाहेर जाणारा शाफ्ट किती फिरतो यावरून गिअर बदलतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये हे फिरत्या वजनांच्या गव्हर्नरने ठरे, आता संगणक ठरवतो. टायर मोठा झाला की इंजिनची तीच ताकद रस्त्यावर कमी पोचते. भरलेली गाडी तवंदी किंवा वंटमुरी घाटाला लागली की गिअर वर-खाली करत राहतो, आणि ऑइल तापते. संगणकात नवे माप भरल्यावर काही गाड्यांत गिअर पुन्हा पूर्वीच्याच खऱ्या वेगाला पडू लागतो. पण तेव्हा इंजिनचे फेरे पूर्वीपेक्षा कमी असतात, त्यामुळे चढावर गाडी आणखी दमते. मीटर सुधारला म्हणजे ओढ परत आली, हा समज म्हणूनच चुकीचा. ओढ परत आणायची तर क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली शाफ्टचे फेरे चाकाला देणारी दातेरी जोडी, बदलावे लागते : ४.१० गुणोत्तराच्या जागी ४.३० च्या आसपासचे. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे-मागचे दोन्ही एकाच गुणोत्तराचे हवेत, नाहीतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारा डबा) ताणला जातो. मीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर या बदलाने काटाही जवळपास आपोआप सुधारतो. चाकाजवळ असेल तर तो वेगळा जुळवावा लागतो. हाताने गिअर टाकणारा चालक चढाआधी एक गिअर खाली घेऊन निभावून नेतो.

व्यावसायिक वाहनांचा वेगनियंत्रकही तेच स्पंद वाचतो, म्हणून ८० ला बांधलेली वडापची (शेअर भाड्याची) जीप मोठ्या टायरवर त्याहून पुढे जाते. वाहनातील बदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. तेव्हा खर्च करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

जुळवणी नवा टायर असतानाच करावी. नक्षी ८ मि.मी.वरून १.६ वर येईपर्यंत व्यास सुमारे १३ मि.मी.ने घटतो, म्हणजे पावणेदोन टक्के. नव्या टायरवर जुळवलेला काटा झीज होत जाईल तसा खऱ्या वेगापेक्षा थोडा पुढे दाखवू लागतो. झिजलेल्या टायरवर जुळवलेला काटा नवे टायर चढताच मागे पडतो.