अंधुक नजर आणि वेबवरचं मराठी अक्षर

फोंड्याच्या माझ्या मावशीने परवा फोन हातात दिला. एका वर्तमानपत्राच्या ई-आवृत्तीत जमिनीच्या वारसाहक्काची जाहीर नोटीस आली होती आणि तिला एवढंच बघायचं होतं, की 'त्याचे वारस' लिहिलंय की 'त्यांचे वारस'. पान मुळात चित्र. बोटांनी ताणावं तसं अक्षर मोठं व्हायचं आणि फुटायचंही. अनुस्वार शेवटपर्यंत दिसला नाही.

ही अडचण फार उशिरा ओळखली गेली. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९७ मध्ये सुगम्यतेचं, म्हणजे दिव्यांगांनाही वेब वापरता यावं याचं, काम हाती घेतलं आणि ५ मे १९९९ रोजी पहिले निकष जाहीर केले. त्यांत मोठा भर पूर्ण अंध वापरकर्त्यांवर होता: चित्राला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे स्क्रीन रीडर तो बोलून दाखवील. ते आवश्यकच होतं. पण ज्याला दिसतं आणि नीट दिसत नाही, त्याच्यासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांत 'पुरेसा' फरक असावा, एवढंच म्हटलं होतं. पुरेसा म्हणजे किती?

आकडा ११ डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १. यामागचा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. धड नजरेला किमान ३ : १ चालतं असं आधीची मानकं मानत. वयाच्या ऐंशीच्या आसपास नजर साधारण ६/१२ वर येते (निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ते सहा मीटरवरून वाचता येतं) आणि गडद-फिक्यातला भेद टिपण्याची ताकद सुमारे दीडपटीने घटते. तीनाची दीडपट साडेचार. नजर ६/२४ असेल तर ७ : १. म्हणजे पांढऱ्यावर फिकट करडं अक्षर टाकणारा डिझायनर जो नियम मोडतो, तो म्हाताऱ्या डोळ्याच्या मापाने बेतलेला आहे. चष्म्याने धूसरपणा कमी होतो, अक्षराचा फिकेपणा जात नाही. मजकूर दुप्पट मोठा करता यावा, ही अटही तेव्हाचीच. जून २०१८ च्या आवृत्तीने चौपट मोठं केलं तरी ओळ वाचायला पान आडवं सरकवावं लागू नये, असं सांगितलं.

देवनागरीचं दुखणं याहून जास्त आहे. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड १९९१ पासून असूनही मराठी संकेतस्थळं कितीतरी वर्षं आपापल्या फॉन्टवर किंवा मजकुराच्या चित्रांवर चालली. ती सवय ई-आवृत्त्यांत आणि स्कॅन केलेल्या सरकारी पीडीएफमध्ये अजून उरली आहे.

भारतात सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली. पानाच्या माथ्यावरची 'अ- अ अ+' बटणं अनेकांना ओळखीची आहेत. पण मोबाईल किंवा ब्राउझर अक्षर मोठं करू शकतोच. स्कॅन केलेल्या परिपत्रकाला मात्र ते बटण हातही लावत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असावेत असं बजावलं आणि ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

गोव्याला हे लांबचं नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण ११.२ टक्के, केरळखालोखाल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात, २६.४ टक्के, आणि मधुमेह डोळ्याच्या पडद्याला धरतो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हापासून दिव्यांगांच्या हक्कांवर इथे उघडपणे बोललं जातं. चाळिशी लावूनही चाचपडणारे आपले आई-वडील त्या चर्चेत हवेत, असं मला मनापासून वाटतं.

मावशीसाठी शेवटी छापील अंक शोधून आणला. नोटीस युनिकोडमध्ये टाइप करून, मोठ्या काळ्या अक्षरांत तिच्या फोनवर पाठवली. 'त्यांचे' होतं.