विमान मध्ये का थांबते? प्रवासमार्गांच्या प्रकारांची पार्श्वभूमी

विमानाचे तिकीट काढताना नॉन-स्टॉप, डायरेक्ट, कनेक्टिंग असे जे पर्याय समोर येतात, ते कोणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. विमानाने मध्ये का थांबावे, याचे कारण काळाबरोबर बदलत गेले आणि त्यातून हे प्रकार तयार झाले.

सुरुवातीला कारण होते विमानाच्या मर्यादित पल्ल्याचे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि पुढे ते टपाल त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. 8 जून 1948 रोजी मुंबईहून लंडनला निघालेले ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमानही कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. एकाच क्रमांकाची फेरी वाटेत थांबे घेत जाते, तेव्हा तिला आज डायरेक्ट फ्लाइट म्हणतात. क्रमांक तोच राहतो. मध्ये थांबणार नाही, याची हमी मात्र त्यात नसते आणि कधीकधी वाटेत विमानही बदलते. कोठेही न थांबणारी ती नॉन-स्टॉप. आपल्याकडे हे दोन्ही सर्रास एकच समजले जातात आणि घोटाळा तेथेच होतो.

जेट विमानांमुळे पल्ला वाढला, तरी थांबे लगेच संपले नाहीत, कारण प्रश्न परवानगीचाही होता. 1944 च्या शिकागो परिषदेत प्रत्येक देशाचे आपल्या आकाशावरील सार्वभौमत्व मान्य झाले. कोणी कोठून कोठे प्रवासी न्यावेत, हे मात्र मुख्यतः दोन-दोन देशांच्या करारांवर सोपवले गेले. एअर इंडियाने 1960 मध्ये लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. लंडनला प्रवासी घेऊन ते न्यूयॉर्कला उतरवायचे, तर ब्रिटन आणि अमेरिका या दोघांचीही संमती लागते. अशा प्रवासी नेण्याच्या हक्काला हवाई वाहतुकीतील ‘पाचवे स्वातंत्र्य’ म्हणतात.

1978 मध्ये अमेरिकेने देशांतर्गत मार्ग आणि भाडी यांवरील सरकारी नियंत्रण हटवण्याचा कायदा केला. त्यानंतर तेथील कंपन्यांनी लहान शहरांतले प्रवासी एका मोठ्या विमानतळावर, म्हणजे हबवर, गोळा करून तेथून चहूकडे पाठवण्याची पद्धत जोमाने वाढवली. आखाती देशांनी पुढे हेच आंतरराष्ट्रीय पातळीवर केले. 1985 मध्ये सुरू झालेल्या एमिरेट्सच्या अगदी सुरुवातीच्या ठिकाणांत मुंबई होती. आता थांबा विमानाला लागत नाही, कंपनीच्या हिशेबाला लागतो. अशा, म्हणजे वाटेत विमान बदलून केलेल्या, कनेक्टिंग प्रवासात मधला मुक्काम साधारणपणे चोवीस तासांहून अधिक झाला, तर आंतरराष्ट्रीय तिकिटावर तो स्टॉपओव्हर धरला जातो.

मुंबईहून दुबईमार्गे लंडनला एकाच तिकिटावर निघालेल्या प्रवाशाच्या बॅगेला लावलेल्या पट्टीवर सहसा शेवटचे ठिकाण म्हणून ‘एलएचआर’ हा लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा संकेत छापलेला असतो. सामान दुबईत उचलावे लागत नाही आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकले, तर दुसऱ्या विमानात जागा देणे हे कंपनीचे काम ठरते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढून केलेल्या प्रवासात, ज्याला सेल्फ-ट्रान्सफर म्हणतात, सहसा सामान घेऊन बाहेर पडावे लागते, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो आणि पुढचे विमान चुकल्यास नवे तिकीट बहुधा स्वतःच्याच खिशातून काढावे लागते.