दहाव्या धड्यातलं आकाश : शाळेतल्या खगोलशास्त्राची पार्श्वभूमी

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ या पुस्तकातला दहावा, म्हणजे शेवटचा धडा ‘अवकाश मोहिमा’. पुस्तक २०१८चं. त्याआधी सहावीला ‘विश्वाचे अंतरंग’, सातवीला ‘तारकांच्या दुनियेत’, आठवीला ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’, नववीला ‘अवकाश निरीक्षण : दुर्बिणी’. पाच वर्षं ओळीने आकाश आहे. सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या २००६नंतरच्या नववी-दहावीच्या पुस्तकांत गुरुत्वाकर्षण होतं, पण खगोलाचा वेगळा धडा नव्हता; आठवीतला तारे आणि सूर्यमालेचा धडाही २०२२मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करताना गळला. ‘आपल्या बोर्डात काही नसतं’ असं ऊठसूट म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

मात्र शेवटचा धडा म्हणजे पूर्वपरीक्षेच्या तोंडावर उरकायचा धडा, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. शिवाय शाळा भरते दिवसा आणि तारे दिसतात रात्री. म्हणून आपल्याकडे आकाश शिकवण्याचं काम बरंचसं वर्गाबाहेर, शाळा सुटल्यावर झालं.

याची सुरुवात पुण्या-मुंबईत नव्हे, माळव्यात सापडते. १८३०च्या दशकात भोपाळजवळ सिहोरला लान्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. पृथ्वी सपाट नाही, ती सूर्याभोवती फिरते, हे तिथल्या पाठशाळेतल्या पंडितांना आणि विद्यार्थ्यांना पटवायचं कसं? त्याने युरोपातली पुस्तकं आधी पुढे केली नाहीत. भास्कराचार्यांचा बाराव्या शतकातला खगोलग्रंथ सिद्धान्तशिरोमणी काढला. पुराणातली सपाट पृथ्वी भास्कराचार्यांनीच खोडून काढलेली आहे. ती गोल आहे आणि कशाच्याही आधाराशिवाय आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तिथपर्यंत पंडित आले, की पुढची पायरी कोपर्निकसची, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीची. याच वर्तुळातल्या सुबाजी बापूंनी १८३६च्या सुमारास पुराण, सिद्धान्त (म्हणजे भास्कराचार्यांसारख्यांचे खगोलग्रंथ) आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना करणारं ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक लिहिलं, तेही मराठीत. मुलाला जे आधीच ठाऊक आहे तिथून निघायचं, ही युक्ती बी. एड.च्या वर्गात आजही शिकवतात. सिहोरचं नाव मात्र तिथे कानावर पडत नाही.

पुढची दोन नावं अधिक परिचयाची. तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी १८६०मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह एका जागी यावा, ही खटपट त्यामागे होती. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली गणित शिकले. दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित, दापोलीजवळच्या मुरूडचे. पेशाने शाळामास्तर; बार्शी, धुळे अशा बदल्यांच्या गावी नोकरी करत शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. १८९६मधलं त्यांचं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ अभ्यासकांना आजही लागतं. मला त्यांचं लहान पुस्तक अधिक जवळचं वाटतं : ‘ज्योतिर्विलास’. त्याचं उपशीर्षक आहे ‘रात्रीची दोन घटका मौज’. वर्गात काय अडतं ते या शाळामास्तराला शीर्षकातच कळलं होतं.

त्याच काळात पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८मध्ये वेधशाळा उभी केली. वीस इंची आरशाची दुर्बीण. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला त्यांनी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तळ ठोकला, तर इंग्लंडहून आलेले खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर होते. इथे एक दुरुस्ती करायलाच हवी, कारण ही गोष्ट शाळेच्या सहलीत हमखास सांगितली जाते. लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं ऐकायला मिळतं. हेलियमची गोष्ट १८६८ची. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, दिसली खरी, पण तेव्हा लॉकयर इंग्लंडात होते आणि त्यांनी ती ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे लॉकयर यांच्या उपकरणांसाठी बांधलेले चौथरे, पाहायला मुलांना जरूर न्यावं, फक्त दोन ग्रहणं एकात मिसळू नयेत.

नायगमवाला १९१२मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ज्या शहरात विद्यार्थी होते तिथून उपकरणच गेलं. ही पोकळी भरून काढली ती हौशी मंडळींनी : १९४४मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. दहा वर्षांनी, १९५४मध्ये, टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. एका हायस्कुलात तारांगण! ते आशियातलं पहिलं असं अभिमानाने सांगतात. ते खरं नाही, ओसाकाला १९३७मध्येच तारांगण होतं. पण भारतातलं पहिलं, आणि तेही शाळेच्या आवारात, एवढा मान काही कमी नाही. भर दुपारी मुलांना रात्र दाखवायची सोय त्या शाळेने केली. मुंबईचं नेहरू तारांगण उघडायला १९७७ उजाडलं.

तारांगणं आली म्हणून भीती गेली असं नाही. १६ फेब्रुवारी १९८०ला सूर्यग्रहणाची खग्रास पट्टी कारवार-अंकोल्याकडून गेली. महाराष्ट्रात ते खंडग्रास होतं, तरी दुपारी रस्ते ओस पडले. लोकांनी घरातच राहावं म्हणून दूरदर्शनने सिनेमा लावला. एका पिढीला त्या दिवसाचा सूर्य आठवत नाही, सिनेमा आठवतो. १९९५च्या २४ ऑक्टोबरला, दिवाळीच्या सुट्टीत, हीच मुलं मोठी होऊन आपल्या मुलांना ग्रहणाचे चष्मे लावून गच्चीवर घेऊन गेली. मधल्या काळात हॅलेचा धूमकेतू येऊन गेला होता. १९८६मध्ये भारतातून तो फार काही दिमाखात दिसला नाही, पण त्याच्या निमित्ताने मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं. वांगणी स्टेशनला उतरून, सतरंज्या पसरून रात्रभर आकाश बघायचं आणि सकाळच्या लोकलने परतायचं, हा त्यांचा शिरस्ता कित्येक शाळकरी मुलांच्या वाट्याला आला. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत न सापडलेला शनी तिथे सापडतो.

मग संस्थाही आल्या. १९८८मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात आयुका स्थापन झाली आणि संशोधनाच्या त्या संस्थेची दारं शाळेच्या मुलांसाठी उघडली. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या राहिल्या. नववीच्या दुर्बिणींच्या धड्यात त्यांचा उल्लेख आहे आणि विज्ञान दिनाला शाळांच्या बसगाड्या तिकडे जातात. २०२५च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत भरलं. दहावीचं पुस्तक मात्र २०१८ला थांबलं आहे : चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ दोन्ही त्यानंतरची. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम चंद्रावर उतरलं. पुस्तकात नसलेला तो धडा मुलांनी मोबाइलवर पाहिला.

पुस्तक जुनं होणारच. मला खटकतं ते वेगळं. दहावीच्या धड्यात पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहाचं एक उदाहरण आहे : पृथ्वीची त्रिज्या ६४०० किमी, उपग्रहाची उंची ३५७८० किमी, वेग सेकंदाला ३.०८ किमी. एका प्रदक्षिणेला किती वेळ? मुलं सूत्रात आकडे भरतात आणि उत्तर येतं २३ तास ५४ मिनिटं. मग मागच्या बाकावरून हात वर होतो : ‘सर, २४ का नाही?’ त्रिज्या जरा जास्त धरल्यामुळे आणि वेग दोन दशांश स्थळांत बसवल्यामुळे दोनेक मिनिटं हलली, हे खरं. पण नीट मोजलं तरी २४ येत नाहीत, २३ तास ५६ मिनिटं येतात. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी तेवढ्याच वेळात पुरी होते. उरलेली चार मिनिटं लागतात ती सूर्य पुन्हा त्याच जागी यायला, कारण तोवर पृथ्वी आपल्या कक्षेत थोडी पुढे सरकलेली असते.

ही चार मिनिटं फळ्यावर कुणाच्या गळी उतरत नाहीत. खरं तर घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. त्यात मुंबई आणि नागपूर यांच्यात पंचवीसेक मिनिटांचा फरक का, इथून सिहोरच्या पद्धतीने सुरुवात करता येईल. आणि चार मिनिटांसाठी मृग नक्षत्र पुरेसं आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला बाणाचे तीन तारे पूर्वेला नीट वर आलेले पाहायला रात्री नऊची वाट बघावी लागते. दर पंधरवड्याला ते तासभर लवकर येतात. दहावीची परीक्षा सुरू असते त्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला, मृग जवळजवळ डोक्यावर असतो, किंचित दक्षिणेला. खाली खिडकीत मूल ‘अवकाश मोहिमा’ पाठ करत बसलेलं असतं.