सर्व्हर एक, बोटं चारशे

नागपुरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब घ्या. एक लिनक्स सर्व्हर, त्यावर चाळीस पोरं लॉगिन. सामायिक फोल्डरमधली फाइल नेमकी प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी गायब होते आणि प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: "सर, मी तं काहीच नाही केलं!"

मग बॅशची, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या 'शेल' या प्रोग्रामची, हिस्टरी (दिलेल्या कमांडची यादी) उघडली जाते. पण ती हिस्टरीची फाइल ज्याची त्याच्या ताब्यात, वाटलं तर पुसून टाका. उबंटूमध्ये एरवी कमांडच्या आधी नुसती एक स्पेस दिली, तरी ती कमांड हिस्टरीत जात नाही. शिवाय पायथनच्या आत शिरून काय केलं, स्क्रीनवर काय उत्तर आलं, याचा तिथे पत्ताच नसतो.

असं सगळं सत्र नोंदवायला 'स्क्रिप्ट' ही कमांड आहे, बर्कली युनिक्सच्या काळापासूनची. ती कर्नलकडून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडून, एक आभासी टर्मिनल मागून घेते आणि त्यावर नवा शेल सुरू करते. शेलला वाटतं, आपण खऱ्या टर्मिनलशीच बोलतोय. मध्ये बसलेली 'स्क्रिप्ट' शेलकडून आलेला प्रत्येक बाइट स्क्रीनकडे पाठवते आणि एक प्रत फाइलीत टाकते. ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर गचाळ दिसते. फोल्डरचं नाव निळं दिसावं म्हणून टर्मिनलला दिलेला '०१;३४' हा हुकूमही त्यात असतो आणि चुकून टाइप केलेलं 'एसएल' खोडून 'एलएस' (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) केल्याची खाडाखोडही. वेळेची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवता येते: इतके सेकंद थांबा, मग इतके बाइट दाखवा. तेवढ्यावर सगळं सत्र पुन्हा जसंच्या तसं चालवून बघता येतं.

नोंद होते ती स्क्रीनवर उमटलेल्या मजकुराची. पासवर्ड टाइप करताना काही उमटत नाही, म्हणून तो सहसा सुटतो. दाबलेल्या कळांचीही नोंद सुरू केली, की मात्र तो उघडा पडतो. मला विचाराल तर त्या फंदात पडूच नये.

काही जण ही कमांड प्रत्येकाच्या 'बॅशआरसी'त, म्हणजे शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलीत, टाकतात. तिथे गंमत होते. 'स्क्रिप्ट' नवा शेल काढते, तो शेल पुन्हा 'बॅशआरसी' वाचतो, पुन्हा 'स्क्रिप्ट'... लॉगिन तिथेच लटकतं. अट घालून हे टाळलं, तरी ती फाइल विद्यार्थ्याचीच, ओळ खोडायला कितीसा वेळ लागतो! त्यापेक्षा रेड हॅट या लिनक्स कंपनीचं सत्र नोंदवणारं 'टीलॉग' बरं. ते थेट लॉगिन शेलच्या जागी बसतं आणि नोंद सिस्टिमच्या जर्नलमध्ये टाकतं. तिथून ती दुसऱ्या मशीनवर पाठवता येते.

दुसरं मशीन कशाला? १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांना संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत सापडली आणि घुसखोराचा माग लागला. त्याने सुपरयूजरचे, म्हणजे संगणकावर काहीही करण्याचे, अधिकार मिळवले होते. संगणकातली नोंद त्याला दिसली असती, पुसताही आली असती. म्हणून स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या लाइनींवरच प्रिंटर जोडले आणि त्याची एकेक कमांड कागदावर उतरवली.

आपल्या लॅबमध्ये प्रिंटर नकोत, पण लॉगिन होताच 'हे सत्र नोंदवलं जात आहे' अशी सूचना दिसायलाच हवी. आणि डिस्ककडेही लक्ष ठेवा: कोणी रात्रभर 'एचटॉप' (चालू प्रोग्राम दाखवत राहणारी कमांड) चालू ठेवून घरी गेला, तर त्याचा दर दीड-दोन सेकंदांनी बदलणारा स्क्रीनही इमानेइतबारे साठत राहतो.