अँटीव्हायरस वारंवार अपडेट का करावा लागतो, त्यामागची जुनी हकीकत

मध्यंतरी मामांचा कॉम्प्युटर बघायला बसलो होतो. तक्रार एकच, फार स्लो झालाय. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी दोन वेगवेगळ्या अँटीव्हायरसचे आयकॉन आणि त्यातल्या एकावर लाल फुली. त्याचं सबस्क्रिप्शन संपून दीड वर्ष झालेलं, शेवटचं अपडेटही तेव्हाचंच. दुसरा फुकट मिळतोय म्हणून कुणीतरी वरून टाकून दिलेला. मामा म्हणाले, "अरे दोन-दोन आहेत की, मग काय प्रॉब्लेम?" मामांचं तरी काय चुकलं, दाराला दोन कुलपं असली की जास्त सुरक्षित वाटतं तसंच हे. पण अँटीव्हायरसचं गणित वेगळं आहे आणि ते वेगळं का आहे हे कळायला तो कसकसा घडत गेला तेच बघावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

स्वतःची नक्कल स्वतःच काढणारं यंत्र असू शकतं का यावर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान यांनी १९४९ च्या सुमारास व्याख्यानं दिली होती, म्हणजे कल्पना तेवढी जुनी. प्रत्यक्षात १९७१ मध्ये बीबीएन या अमेरिकन कंपनीत बॉब थॉमस यांनी 'क्रीपर' नावाचा प्रोग्राम लिहिला, तो आर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं कॉम्प्युटरचं जाळं) एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायचा आणि 'मी क्रीपर आहे, जमलं तर पकडा' अशा अर्थाचा मेसेज दाखवायचा. बाकी नुकसान काही नाही. मग ईमेलच्या पत्त्यात 'ॲट'चं चिन्ह ज्यांनी आणलं त्या रे टॉमलिन्सन यांनी 'रीपर' लिहिला, त्याचं काम क्रीपरला शोधून पुसून टाकणं. पहिला अँटीव्हायरस म्हणायचा तर हाच. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या मुलाने ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी 'एल्क क्लोनर' केला, तो फ्लॉपीवरून पसरायचा आणि पन्नासाव्यांदा मशीन चालू केलं की स्क्रीनवर एक छोटी कविता यायची.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच फारसा कुणी सांगत नाही. नोव्हेंबर १९८३ मध्ये फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात असा प्रोग्राम मुद्दाम बनवून चालवून दाखवला, त्याला 'व्हायरस' हे नाव सुचवलं त्याचे शिक्षक लेनर्ड एडलमन यांनी (आरएसए या माहिती गुप्त ठेवायच्या पद्धतीच्या नावातला 'ए' तो यांचाच). कोहेनने पुढे हेही दाखवून दिलं की कुठलाही व्हायरस शंभर टक्के अचूक ओळखेल असा प्रोग्राम बनूच शकत नाही. युक्तिवाद अगदी साधा आहे. समजा असा अचूक तपासनीस तुमच्याकडे आहे. मी एक प्रोग्राम लिहितो जो आधी त्या तपासनिसालाच विचारतो, "मी व्हायरस आहे का?" उत्तर 'हो' आलं तर माझा प्रोग्राम गप्प बसतो, काहीच पसरवत नाही, म्हणजे तपासनीस चुकला. उत्तर 'नाही' आलं तर तो लगेच पसरायला लागतो, म्हणजे तपासनीस पुन्हा चुकलाच. जगातला पहिला अँटीव्हायरस दुकानात यायच्या आधी हे कागदावर आलं होतं. त्यामुळे 'शंभर टक्के सुरक्षा' असं कुठल्याही डब्यावर लिहिलेलं दिसलं की मला राग येतो, कारण ते शक्य नाही हे सिद्ध होऊन चाळीस वर्षं उलटून गेली.

१९८६ मध्ये 'ब्रेन' आला, आयबीएम पीसीवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला होता आणि त्याच्या कोडमध्ये चक्क आपलं नाव, पत्ता, फोन नंबर घातला होता. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. आता फ्लॉपी न पाहिलेल्यांसाठी सांगतो, मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी ड्राइव्हमध्ये फ्लॉपी आहे का बघायचं आणि असली तर तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये जे काही लिहिलंय ते डोळे मिटून चालवायचं. काल रात्रीची फ्लॉपी ड्राइव्हमध्येच राहिली आणि सकाळी मशीन चालू केलं, बास, झालं काम. त्यावरचा उपाय म्हणजे सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला जी चौकोनी खाच असायची तिच्यावर छोटी चिकटपट्टी लावायची, मग ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर काही लिहूच शकायचा नाही. ती चिकटपट्टी कधीच अपडेट करावी लागली नाही, आणि खरं सांगतो, इतका भरवशाचा उपाय नंतर क्वचितच मिळाला.

१९८७-८८ हा अँटीव्हायरस धंद्याचा जन्मकाळ. जर्मनीत जी डेटा कंपनीने अटारी एसटी या कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरस काढला, अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांनी व्हायरसस्कॅन, चेकोस्लोव्हाकियात दोन तरुणांनी 'नॉड', तिथेच पुढे अवास्ट, ब्रिटनमध्ये डॉ. ॲलन सॉलोमन यांचं टूलकिट, सगळं दीड-दोन वर्षांच्या आत. १९८९ मध्ये युजीन कॅस्परस्की यांच्या मशीनवर 'कॅस्केड' आला, तोच तो ज्यात स्क्रीनवरची अक्षरं पानं गळावीत तशी खाली पडायची, आणि तेही या कामात ओढले गेले. सुरुवातीला एका व्हायरसला एक औषध असा प्रकार होता. मग सगळी औषधं एकत्र करून यादी आली. प्रत्येक व्हायरसच्या कोडमधला एक असा तुकडा निवडायचा जो दुसऱ्या कुठल्या चांगल्या प्रोग्राममध्ये सापडणार नाही, त्याला म्हणायचं सिग्नेचर, आणि डिस्कवरच्या फाइली उघडून त्यात हे तुकडे सापडतात का ते बघायचं. पोलीस स्टेशनात गुन्हेगारांचे फोटो लावलेले असतात ना, तसंच. फोटो नाही त्याला पकडता येत नाही. आणि यादीत नाव यायला आधी कुणाच्या तरी मशीनवर तो व्हायरस सापडायला लागतो, म्हणजे यादी कायम एक पाऊल मागेच. तेव्हा ही यादी फ्लॉपीवर पोस्टाने यायची, पुढची यायला एक-दोन महिने सहज जायचे, आणि व्हायरसही फ्लॉपीनेच फिरत असल्यामुळे ते चालूनही जायचं. मामांच्या मशीनवरचा दीड वर्षं अपडेट नसलेला अँटीव्हायरस म्हणजे दीड वर्षापूर्वीचे फोटो घेऊन दारात उभा असलेला शिपाई.

यादी चुकवायची युक्ती लवकरच निघाली. १९९० मध्ये '१२६०' नावाचा व्हायरस आला, तो प्रत्येक नवीन फाइलमध्ये शिरताना आपलं रूप बदलायचा, त्यामुळे पकडायला ठरावीक तुकडाच राहायचा नाही. नंतर 'डार्क ॲव्हेंजर' हे टोपणनाव घेणाऱ्या बल्गेरियातल्या माणसाने रूप बदलायचं तयार इंजिनच काढून वाटलं. मग अँटीव्हायरसवाल्यांनी फाइल आधी एका नकली कॉम्प्युटरमध्ये थोडा वेळ चालवून बघायची आणि तिने मुखवटा काढला की मग तपासायची अशी पद्धत आणली. काम उत्तम झालं पण प्रत्येक फाइलमागे मेहनत वाढली. अँटीव्हायरस टाकला की मशीन जड होतं ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि त्यात तथ्य आहे.

दोन अँटीव्हायरस एकत्र नकोत हा नियमही यातूनच आला. जो अँटीव्हायरस कायम जागा असतो तो फाइल उघडायच्या प्रत्येक विनंतीच्या मध्ये उभा राहतो. दोघं उभे राहिले की पहिला फाइल उघडून तपासतो, ते उघडणं दुसऱ्याला दिसतं म्हणून तो तपासतो, मधल्यामध्ये तुमचा एक्सेल उघडायला मिनिट लागतं. जुन्या काळी तर एकाच्या यादीतले व्हायरसचे तुकडे मेमरीत बघून दुसरा ओरडायचा, व्हायरस सापडला म्हणून.

१९९२ च्या मायकेलअँजेलोचा किस्साही विसरू नये. ६ मार्चला हार्ड डिस्क पुसणारा व्हायरस, आणि पेपर-टीव्हीवर पन्नास लाख कॉम्प्युटर बाद होणार इथपर्यंत आकडे गेले. प्रत्यक्षात काही हजारांचंच नुकसान झालं पण अँटीव्हायरसची विक्री मात्र धडाक्यात झाली, आणि भीती घातली की माल खपतो हे या धंद्याला कळलं. पुढे २००५ नंतर खोट्या अँटीव्हायरसचं पीक आलं, 'तुमच्या मशीनवर अमुक इतके व्हायरस सापडले, लगेच पैसे भरा' असा पॉपअप, ती त्याच भीतीची चोरांनी केलेली नक्कल.

ईमेल घरोघरी आल्यावर वेग बदलला. १९९५ मध्ये 'कन्सेप्ट'ने वर्डच्या डॉक्युमेंटमधून पसरता येतं हे दाखवलं, मार्च १९९९ मध्ये मेलिसा, आणि ४ मे २००० ला 'आय लव्ह यू'. त्या शेवटच्याचं अटॅचमेंट नीट बघा, 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असं नाव. विंडोज ओळखीच्या फाइलींचं एक्स्टेन्शन (नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) लपवून ठेवतं, त्यामुळे शेवटचं 'व्हीबीएस' दिसायचंच नाही आणि माणसाला वाटायचं साधी टेक्स्ट फाइल आहे, क्लिक. फिलिपिन्समधून निघालेला हा व्हायरस एका दिवसात जगभर गेला. पोस्टाने फ्लॉपी मागवायचे दिवस तिथेच संपले आणि नेटवरून रोज अपडेट ही पद्धत पक्की झाली. एक्स्टेन्शन लपवायचं सेटिंग मात्र अजूनही विंडोजमध्ये आपोआप चालूच असतं, नवीन मशीन हातात आलं की मी पहिल्यांदा ते बंद करतो.

मग २००३ चा ऑगस्ट. ब्लास्टर. ज्यांनी तेव्हा विंडोज एक्सपी वापरलंय त्यांना ती खिडकी आठवत असेल, 'सिस्टीम बंद होत आहे' आणि साठ सेकंदांचं काउंटडाउन, साठ संपले की मशीन रीस्टार्ट, नेट जोडलं की परत तेच. यात कुणी काही क्लिक केलेलं नव्हतं, नुसतं नेट जोडलं एवढाच गुन्हा. ब्लास्टर विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरायचा त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने १६ जुलैला दिली होती, ब्लास्टर आला ११ ऑगस्टला, मध्ये जवळपास चार आठवडे. त्याच वर्षी जानेवारीत आलेला स्लॅमर तर ३७६ बाइटचा होता आणि डिस्कवर फाइल लिहायचाच नाही, नुसता मेमरीत राहायचा, मग फाइल तपासणारा अँटीव्हायरस तपासणार काय? अँटीव्हायरस आणि विंडोज अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात हे या वर्षाने शिकवलं. २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक टू पासून फायरवॉल (नेटवरून आत येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी) आपोआप चालू राहायला लागली ती याचमुळे.

नंतरचं भराभर सांगतो. २००८ च्या शेवटी कॉन्फिकर पेनड्राइव्हवरूनही पसरला, मग पेनड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू करणारं ऑटोरन बंद करण्यात आलं. सप्टेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स हा अँटीव्हायरस फुकट दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा त्यांचाच अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येऊ लागला. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, दोघांचं भांडण नको म्हणूनच. आता अनोळखी फाइल दिसली की अँटीव्हायरस नेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, शिवाय प्रोग्राम वागतोय कसा यावर लक्ष ठेवतो, त्यामुळे नुसत्या यादीवर सगळं अवलंबून नाही. फाइली लॉक करून खंडणी मागणारे व्हायरस लोकांना नवे वाटतात, पण १९८९ मध्येच एड्सच्या माहितीच्या नावाखाली पोस्टाने पाठवलेल्या फ्लॉपीतून असा एक आला होता, १८९ डॉलर पनामातल्या पोस्ट बॉक्सवर पाठवायला सांगायचा. २०१३ मध्ये क्रिप्टोलॉकरने खंडणी घ्यायला बिटकॉइनची सोय वापरली आणि १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला, त्याचाही पॅच मार्चमध्येच आलेला होता. परत तीच ब्लास्टरची गोष्ट, चौदा वर्षांनी.

फुकटचा घ्यावा की विकतचा, यावर वाद घालणाऱ्यांनी दोन घटना बघाव्यात. २०२० मध्ये अवास्ट आपल्या उपकंपनीमार्फत वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकत असल्याचं उघड झालं, ती उपकंपनी बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. दुसरी, २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक गरजेची फाइल व्हायरस समजून हलवली आणि असंख्य मशीन बंद पडले. म्हणजे पैसे भरले तरी चुका होतातच. म्हणून निवडताना नुसतं किती व्हायरस पकडले एवढं बघू नका, चांगल्या फाइलींवर किती वेळा ओरडला आणि मशीन किती जड केलं हेही बघा. एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था तिन्ही तपासतात. एव्ही-टेस्ट तर तिन्हींना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते आणि अलीकडे डिफेंडर तिथे वरच्यांतच असतो, म्हणून साध्या घरगुती वापराला मी तोच पुरे म्हणतो.

मामांच्या मशीनवरचे दोन्ही काढले. नुसतं अनइन्स्टॉल करून मागे ड्रायव्हर राहतात म्हणून त्या त्या कंपनीचं रिमूव्हल टूल चालवलं, मग डिफेंडर आपोआप जागा झाला, अपडेट केला, पूर्ण स्कॅनला तीन तास लागले. फोटो वेगळ्या डिस्कवर कॉपी करून ती डिस्क काढून कपाटात ठेवली, कारण जोडलेली डिस्क खंडणीवाला व्हायरस पण लॉक करतो. मामांना सिक्युरिटीच्या स्क्रीनवर शेवटच्या अपडेटची तारीख कुठे असते ते दाखवलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. एक काम राहिलंय. मशीन विंडोज १० वर आहे आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरची यादी यापुढेही रोज येत राहील, पण विंडोजमधली भोकं बुजवायची तर जादा सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवावं लागतं किंवा ११ वर जावं लागतं, आणि त्यांचा प्रोसेसर ११ ला चालत नाही. या रविवारी जाऊन नोंदणी करून देतो.