काजळीतले हिरे

‘कोळशावर दाब पडला की त्याचा हिरा होतो’ हे वाक्य नाशिकच्या सराफ बाजारात ऐकू येतं, तसंच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही. ते चूक आहे. खाणीतले बहुतेक हिरे 100 कोटी वर्षांहून जुने. जमिनीवर झाडं आली ती साधारण 40 कोटी वर्षांपूर्वी. झाडंच नव्हती, तर कोळसा कुठून येणार? ते हिरे तयार झाले जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, तिथल्याच कार्बनपासून.

तरी मला या खाणीतल्या हिऱ्यांपेक्षा स्फोटाच्या काजळीतले हिरे जास्त विलक्षण वाटतात.

देवळालीच्या रेंजवरून येणारे तोफांचे आवाज नाशिककरांना नवे नाहीत. तोफगोळ्यांत वापरतात त्या टीएनटीच्या रेणूत कार्बनचे 7 अणू असतात आणि ऑक्सिजनचे फक्त 6. स्फोट होताना हायड्रोजन त्यातला काही ऑक्सिजन घेऊन पाणी होतो, उरलेल्यातून कार्बन मोनॉक्साइड बनतो. ढोबळ हिशोब मांडला, तर टीएनटीच्या दोन रेणूंमागे कार्बनचे 7 अणू बिनजोडीचे उरतात. टीएनटीच्या स्फोटाचा धूर काळा असतो तो यामुळेच.

या उरलेल्या कार्बनचं पुढे काय होतं, तिथे खरी गंमत आहे. टीएनटीत आरडीएक्स मिसळलं की दाब आणखी वाढतो: वातावरणाच्या दोन ते तीन लाख पट, आणि तापमान 3000 अंशांच्या वर. ग्रॅफाइटमध्ये, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातल्या कार्बनमध्ये, प्रत्येक अणू तिघांशी बांधलेला असतो, हिऱ्यात चौघांशी. हिऱ्याची रचना जास्त दाट, म्हणून इतक्या दाबाखाली तीच स्थिर ठरते. सुटे अणू एकमेकांना चिकटत जातात आणि हिऱ्याचा कण वाढू लागतो. पण हा दाब एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकाही टिकत नाही. म्हणून कण चार-पाच नॅनोमीटरवरच (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) थांबतो. त्यात अणू भरतात जेमतेम दहा हजार.

आता धोका असतो तो उतरताना. दाब झपाट्याने कोसळतो, पण वायू अजून तापलेलेच असतात. कमी दाब आणि जास्त उष्णता या अवस्थेत ग्रॅफाइट स्थिर असतो, त्यामुळे हिऱ्याचे बाहेरचे अणू चौथा बंध सोडून ग्रॅफाइटसारखे पापुद्रे धरू लागतात. हे फार वेळ चाललं, तर कांद्यासारखे एकात एक पदर असलेले कार्बनचे गोळे बनतात. हिरा वाचवायचा, तर दाब उतरताच उष्णताही उतरवावी लागते. म्हणून हा स्फोट बंद पात्रात, पाण्याच्या किंवा बर्फाच्या वेढ्यात करतात. उघड्यावर तर हवेतला ऑक्सिजनही त्या काजळीतला बराचसा कार्बन जाळून टाकतो. नॅनोहिरा घडतो दाबाने, पण हाती लागतो तो वेळेवर थंड केल्यामुळे.

1963 साली सोव्हिएत शास्त्रज्ञांना हे हिरे सापडले, पण काम गुप्त राहिलं. जगासमोर ते 1988 च्या सुमारास आलं. आज पॉलिशिंगसाठी आणि वंगणात ते वापरतात.

शुक्रासाठी हिरा घालायला सांगणारे काही ज्योतिषी प्रयोगशाळेतल्या हिऱ्यात ‘शक्ती नसते’ म्हणतात. कार्बनचे अणू तेच, चार बंध तेच, आणि ग्रहाशी संबंध दोन्हींचा शून्य. ‘नॅनो’ नाव लावून आरोग्यदायी पाणी विकणाऱ्यांनाही पुरावा मागावा.

काजळीतून हिरे वेगळे काढायला तीव्र आम्लांत उकळून ग्रॅफाइट घालवतात. एवढं करूनही कण घट्ट गुठळ्या करून बसतात. 2000 नंतरच्या दशकात जपानच्या एइजी ओसावा यांच्या गटाने बारीक मण्यांच्या चक्कीत दळून त्या फोडल्या आणि सुटे कण हाती आले. याच ओसावांनी 1970 मध्ये 60 कार्बन अणूंच्या फुटबॉलसारख्या रेणूचं भाकीत केलं होतं. तो रेणू प्रयोगशाळेत दिसला 1985 मध्ये.