शिखरावरून व्यासपीठावर : गिर्यारोहकांच्या प्रेरणादायी व्याख्यानांची पार्श्वभूमी

हिंजवडीतल्या कंपनीचा वार्षिक मेळावा असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो किंवा सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेचा वर्धापनदिन, पुण्यात प्रमुख वक्ता म्हणून एव्हरेस्टवीराला बोलावणे आता नित्याचे झाले आहे. ‘आपापला एव्हरेस्ट’ हा शब्दप्रयोग तर इतका रुळला आहे की, कर्जफेडीपासून दहावीच्या निकालापर्यंत काहीही त्यात बसते. हा प्रकार व्यवस्थापनाच्या अलीकडच्या लाटेबरोबर आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते पूर्ण खरे नाही. डोंगर चढून आल्यावर लोकांसमोर उभे राहून बोलण्याची प्रथा बरीच जुनी आहे आणि तिच्या मुळाशी प्रेरणेइतकाच पैशाचा प्रश्न आहे.

अल्बर्ट स्मिथ हा इंग्रज लेखक १८५१ मध्ये आल्प्समधील माँ ब्लाँ हे शिखर चढला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याने त्या चढाईचा खेळ सुरू केला. मागे सरकणारी रंगवलेली दृश्ये, पुढे सेंट बर्नार्ड जातीचे कुत्रे आणि मधोमध स्मिथचे खुसखुशीत निवेदन, असा तो कार्यक्रम सुमारे सहा वर्षे चालला. पुढे एव्हरेस्टच्या मोहिमा सुरू झाल्या, तेव्हा व्याख्याने हा निधी उभारण्याचा रीतसर मार्गच बनला. ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी १९२३ मध्ये अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होता आणि ‘एव्हरेस्ट कशासाठी?’ या प्रश्नाला त्याने दिलेले ‘कारण तो तिथे आहे’ हे जगप्रसिद्ध उत्तर त्याच दौऱ्यातले आहे. दौऱ्यातून फारसे पैसे मिळाले नाहीत. उत्तर मात्र शंभर वर्षे पुरले.

डोंगर माणूस घडवतो, हा विचार रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात जहाजे बुडाल्यावर जीवरक्षक होड्यांमध्ये तरुण खलाशी वयस्क खलाशांच्या आधी धीर सोडतात, अशी एका जहाज कंपनीच्या मालकाची तक्रार होती. त्यातून हान यांच्या पुढाकाराने १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे समुद्र आणि डोंगर यांवर आधारलेले सुमारे महिनाभराचे प्रशिक्षण सुरू झाले. भारतात तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांच्या १९५३ च्या यशानंतर १९५४ मध्ये दार्जिलिंगची आणि १९६५ मध्ये उत्तरकाशीची गिर्यारोहण संस्था उभी राहिली. बचेंद्री पाल १९८४ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या आणि त्यानंतर टाटा स्टीलच्या साहस उपक्रमांची धुरा त्यांच्याकडे आली. उद्योगसमूहाने आपल्या अधिकाऱ्यांना नेतृत्वाचे धडे घेण्यासाठी डोंगरात पाठवावे, ही कल्पना आपल्याकडे रुळली ती तिथून.

पुण्यात या प्रवाहाला तयार श्रोता मिळाला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या या शहरात दोन तास खुर्चीत बसून ऐकणे हा संध्याकाळ घालवण्याचा प्रतिष्ठित मार्ग आहे. बाबासाहेब पुरंदरे यांच्या शिवचरित्रावरील व्याख्यानांनी आणि गो. नी. दांडेकरांच्या दुर्गभ्रमंतीने येथील दोन-तीन पिढ्यांना गडांचे वेड लावले. १६७० मध्ये तानाजी मालुसरे रात्री कोंढाण्याचा कडा चढून गेले, हे ज्याने शाळेत घोकले आहे, त्याला चढाई आणि पराक्रम यांचे नाते नव्याने समजावून सांगावे लागत नाही. रविवारी पहाटे आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढणाऱ्यांत निवृत्त बँक अधिकारी असतात, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आजी असतात आणि पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या किंवा वाळू भरून हिमालयाची तयारी करणारी पोरेही असतात. वर पोहोचल्यावर सगळ्यांसमोर तेच पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही येते. रोजच्या जगण्यात डोंगर आणण्याचे काम व्याख्यानांपेक्षा या वाटेने अधिक केले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून एव्हरेस्टवर पोहोचले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेच्या, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून मे २०१२ मध्ये आठ जणांनी ते शिखर गाठले. पाठोपाठ ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी आणि मनास्लू ही शिखरे झाली, २०१९ मध्ये कांचनजुंगावर दहा जण पोहोचले आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा झाली. अशा नागरी, म्हणजे लष्कराच्या नसलेल्या, मोहिमांचा खर्च लोकांच्या देणग्या आणि उद्योगांचे साहाय्य यांतून उभा राहतो. त्यामुळे परतल्यावर झालेले व्याख्यान म्हणजे एका अर्थाने देणगीदारांना दिलेला हिशेबच असतो.

म्हणूनच पुण्यातल्या चांगल्या व्याख्यानात तपशील भरपूर असतो. एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातातल्या बर्फाच्या खोल भेगांवर ॲल्युमिनियमच्या दोन-तीन शिड्या दोरीने एकमेकींना बांधून टाकलेल्या असतात. बुटाखाली बांधलेल्या क्रॅम्पॉनचे, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या लोखंडी चौकटीचे, दात पायऱ्यांच्या मधल्या जागेत नेमके बसवत, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणून धरत, खालच्या निळ्या पोकळीकडे पाहत चालावे लागते. हे ऐकताना सभागृहात चुळबुळ थांबते. नंतर आइस ॲक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड, हातोहात फिरते आणि प्रश्नोत्तरांत कोणीतरी आजोबा तिथे शौचाची सोय काय असते, हे विचारतातच. प्रश्न मुळीच हास्यास्पद नाही. हजारो मीटर उंचीवर शरीर सांभाळणे हाच मोहिमेचा निम्मा भाग असतो.

कंपन्यांच्या सभागृहांत मात्र हा तपशील गळतो आणि ‘ध्येय, संघभावना, जिद्द’ एवढेच पडद्यावर उरते. वास्तविक, व्यवस्थापनशास्त्राने एव्हरेस्टची गंभीर दखल घेतली ती यशामुळे नव्हे. १० मे १९९६ रोजी दोन व्यावसायिक मोहिमांतील अनेक जण शिखर गाठले नसले तरी दुपारी दोनला मागे फिरायचे, ही मर्यादा उलटल्यावरही चढत राहिले आणि वादळात सापडले. त्या वादळात पर्वतावर आठ जणांचा मृत्यू झाला; दोन्ही मोहिमांचे नेतेही त्यांत होते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये ही दुर्घटना अभ्यासासाठी घेतली गेली, ती प्रामुख्याने निर्णय कसे चुकतात हे दाखवण्यासाठी. ‘हार मानू नका’ असे सांगणाऱ्या वक्त्याने ही घटना टाळणे स्वाभाविक आहे, परंतु तसे करण्याने विषयाचा गाभाच निसटतो.

शिखराच्या छायाचित्राला किती वजन आले आहे, हेही पुण्यातच दिसले. २०१६ मध्ये पुणे पोलीस दलातील एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. शहरातल्या गिर्यारोहकांनीच त्या छायाचित्रांवर शंका घेतली, नेपाळ सरकारने प्रमाणपत्र रद्द करून दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली आणि २०१७ मध्ये त्यांना पोलीस सेवेतून काढण्यात आले. आक्षेप घेणाऱ्यांना हिमालयाचा अनुभव होता. कोणत्या टप्प्यावर कोणते कपडे आणि बूट अंगावर असतात, हे त्यांना ठाऊक होते.